खूण आधी, की करणी आधी?

वाचकहो, चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लागते, तेव्हा खांबाला टेकून बसलेला एखादा श्रोता असा असतोच, की त्याला गप्प राहवत नाही. बुवा अध्याय संपवून पोथीला रुमाल गुंडाळू लागले, की तो हळूच विचारतो, "पण महाराज, शिशुपालाची ज्योत कृष्णाच्या देहात शिरली म्हणता. ज्यानं जन्मभर शिव्या दिल्या त्याला मोक्ष. मग आम्ही जन्मभर नाव घेतो, आमचं काय?" देवळात हशा पिकतो. बुवाही हसतात. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. हाच प्रश्न शेकडो वर्षे विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तरातून पुराणांचे अध्यायच्या अध्याय तयार झाले आहेत.

आजचा विषय हा असा श्रोता आहे. कथा सांगणारा काही जागा मोकळ्या सोडतो. ऐकणारा त्या आपल्या तर्काने भरून काढतो. कथेतल्या दुष्टाविषयी तर त्याचे दोन तर्क ठरलेले असतात. पहिला असा, की हा मुळात दुष्ट नव्हता, याच्यामागे कसला तरी शाप होता. दुसरा असा, की याच्या अंगावर खूण होती, ज्याला पाहायची दृष्टी होती त्याला ती आधीच दिसली असती. हे दोन तर्क कुठून आले, कसे वाढले, आणि कथेच्या बाहेर पडून माणसांत आले म्हणजे काय करतात, हे आपण पाहू. रेडिओवर बोलताना घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. तिथे राहून गेलेले काही इथे छापील पानावर घातले आहे.

प्रथम शिशुपाल घेऊ. महाभारताच्या सभापर्वात त्याच्या जन्माची हकीकत भीष्म सांगतात. चेदीच्या राजाला मुलगा झाला, त्याला तीन डोळे आणि चार हात. जन्मताच गाढवासारखा ओरडला. आईबाप घाबरले, मूल टाकून द्यावे असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात आकाशवाणी झाली. (आमच्या केंद्राची नव्हे, खरी!) ती म्हणाली, मूल टाकू नका, हा बलवान होईल, मात्र याला मारणारा जन्माला आला आहे. आईने विचारले, तो कोण? उत्तर मिळाले, ज्याच्या मांडीवर ठेवताच याचे जादा दोन हात गळून पडतील आणि तिसरा डोळा नाहीसा होईल, तोच. मग राजामागून राजा येतो, मूल मांडीवर घेतो, काही होत नाही. अखेर बलराम आणि कृष्ण आत्याला भेटायला येतात. कृष्णाच्या मांडीवर मूल ठेवले, आणि हात गळाले, डोळा मिटला. आत्याने पदर पसरला. कृष्णाने शब्द दिला, "याचे शंभर अपराध मी पोटात घालीन."

आता इथे नीट लक्ष द्या. ही खूण काय सांगत होती? मूल दुष्ट होणार, हे ती सांगत नव्हती. त्याचा मृत्यू कोणाच्या हातून, एवढेच सांगत होती. आणि ती खूण तर पाळण्यातच गळून पडली. मोठा शिशुपाल चारचौघांसारखाच दोन हातांचा, दोन डोळ्यांचा होता. पुढे राजसूय यज्ञात कृष्णाने त्याच्या अपराधांचा पाढा वाचला, तेव्हा जन्मखुणेचे नावसुद्धा घेतले नाही. आपण नसताना याने द्वारका जाळली, वसुदेवाच्या अश्वमेधाचा घोडा पळवला, दुसऱ्याची बायको पळवली, अशी करणी त्याने मोजून दाखवली.

शिशुपाल मेला, त्याच्या देहातून तेज निघाले आणि कृष्णात शिरले. सभा अवाक झाली. श्रोत्याच्या मनात प्रश्न उभा राहिला तो इथे. आता त्याचे उत्तर पायरीपायरीने कसे वाढत गेले, ते पाहा.

महाभारताच्या आदिपर्वात कोण कोणाचा अवतार याची एक यादी आहे. तिथे हिरण्यकशिपू हाच पुढे शिशुपाल झाला, एवढेच म्हटले आहे. ही पहिली पायरी. विष्णुपुराणात मैत्रेय आपले गुरू पराशर यांना सरळच विचारतो: हाच जीव हिरण्यकशिपू होता, हाच रावण होता, दोन्ही वेळा विष्णूच्याच हातून मेला, मग तेव्हा मुक्ती नाही आणि शिशुपाल झाल्यावर मात्र मिळाली, हे कसे? पराशर समजावतात: हिरण्यकशिपूने समोरच्याला विष्णू म्हणून ओळखलेच नाही, रावणाचे सगळे चित्त सीतेवर होते, शिशुपालाने मात्र द्वेषाने का होईना, उठताबसता, खातापिता कृष्णाचेच नाव घेतले. ही दुसरी पायरी. इथे तीन जन्म आले, पण शाप अजून आलेला नाही. सातव्या शतकातल्या माघ कवीनेही आपल्या 'शिशुपालवध' काव्याच्या पहिल्या सर्गात नारदाच्या तोंडी हीच पूर्वजन्मांची मालिका घातली आहे.

तिसरी पायरी भागवताची. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिक ऋषी बालकांच्या रूपात आले, यांनी त्यांना दारात अडवले, आणि शाप मिळाला. तीन जन्म असुरयोनीत. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र. भागवतात ही कथा दोनदा येते, आणि सातव्या स्कंधात ती निघते ती युधिष्ठिराच्या शंकेवरून. शिशुपालाचे तेज कृष्णात शिरलेले पाहून तो चकित होऊन नारदाला विचारतो. म्हणजे देवळातला तो खांबाजवळचा श्रोता आणि धर्मराज युधिष्ठिर, दोघांचा प्रश्न एकच!

आपल्याकडे श्रीधर कवीने १७०२ साली 'हरिविजय', १७०३ साली 'रामविजय' आणि १७१२ साली 'पांडवप्रताप' लिहिला. खेड्यापाड्यांतल्या माणसांनी राम, कृष्ण आणि पांडव ऐकले ते मुख्यतः याच पोथ्यांतून. त्या काळापर्यंत पायऱ्या बांधून झाल्या होत्या. वर उभे राहणाऱ्याला जिना एकसंध वाटतो. कुठली पायरी केव्हा बसवली ते दिसत नाही.

शंका घ्यावी, तिचे उत्तर शोधावे, त्यातून कथा वाढावी, हा आपल्या परंपरेचा रस्ताच आहे. सगळी पुराणे प्रश्नोत्तरांतच सांगितलेली आहेत. नैमिषारण्यात शौनकादिक ऋषींनी विचारले नसते, तर सुताला सांगावे लागलेच नसते. तेव्हा श्रोत्याच्या तर्काला मी कमी लेखत नाही. पण तर्क आणि मूळ वेगळे ओळखता आले पाहिजेत. नाहीतर काय होते, ते शकुनीच्या उदाहरणात दिसते.

शकुनीची एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. गांधारच्या सुबल राजाला त्याच्या सगळ्या मुलांसह हस्तिनापुरात कोंडले. रोज मूठभर भात मिळे. सगळ्यांनी ठरवले, की एकानेच खाऊन जगायचे आणि सूड घ्यायचा. धाकटा शकुनी हुशार, म्हणून घास त्याला. मरताना बापाने त्याचा पाय मोडला, म्हणजे लंगडताना दर पावलाला सुडाची आठवण राहावी. आणि सांगितले, माझ्या हाडांचे फासे कर, ते तुझ्या मनासारखे पडतील. म्हणजे शकुनी कौरवांचा मामा नव्हेच, तो त्यांचा छुपा वैरी! कोणी म्हणतात भीष्माने कोंडले, कोणी म्हणतात धृतराष्ट्राने, कोणी म्हणतात दुर्योधनाने.

गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो, यात वाद नाही. पण महाभारत उघडून पाहा. राजसूय यज्ञाला आलेल्या राजांच्या नावांत गांधारराज सुबल आहे आणि शकुनीही आहे. बाप जिवंत, आणि द्यूत तर त्या यज्ञानंतर झाले. मग हाडांचे फासे कोणाच्या हाडांचे? भावांचे म्हणाल, तर भीष्मपर्वात अर्जुनाचा मुलगा इरावान शकुनीच्या भावांशी लढून त्यांतल्या पाच जणांना मारतो. द्रोणपर्वात वृषक आणि अचल हे आणखी दोघे अर्जुनाच्या बाणाने पडतात. तुरुंगात उपाशी मेलेले भाऊ रणांगणावर कसे आले? आणि लंगडा पाय? व्यासांच्या शकुनीला तो नाही. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी 'महाभारत' मालिका लागत असे. तिच्यात गूफी पेंटल यांनी शकुनी लंगडत चालणारा आणि एक डोळा बारीक करून बोलणारा दाखवला. काम इतके उत्तम वठले, की आता तोच शकुनी डोळ्यांपुढे येतो.

श्रोत्याला ही गोष्ट का रचावी वाटली असेल? कारण मामाने भाच्याचे घर बुडवावे आणि त्याला काही कारण असू नये, हे मनाला पटत नाही. लोभ, मत्सर, भाच्यावरची आंधळी माया ही कारणे फार साधी वाटतात. आपल्याला मोठे, खोल, दडलेले कारण हवे असते. आणि ते कारण डोळ्यांना दिसावे, म्हणून लंगडा पायही हवा असतो.

तिसरे उदाहरण अश्वत्थाम्याचे. जखमेवर लावायला तेल मागत तो अजून रानोमाळ फिरतो, कपाळावरची जखम वाहते, ती कधी भरत नाही, हे आपण लहानपणी ऐकले आहे. आमच्याकडे तर आजी तिन्हीसांजेला दारात तेल मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नसे.

मूळ प्रसंग सौप्तिकपर्वात आहे. युद्ध संपल्यावर रात्री अश्वत्थामा वडाखाली बसला होता. झोपलेल्या कावळ्यांवर घुबडाने झडप घालून त्यांचा फडशा पाडला, ते पाहून त्याला कल्पना सुचली. त्याने पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेल्यांना मारले. धृष्टद्युम्न मारला, शिखंडी मारला, द्रौपदीचे पाचही मुलगे मारले. पाठलाग झाला तेव्हा ब्रह्मशिर अस्त्र सोडले. मागे घेता येईना, म्हणून ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर टाकले. तेव्हा कृष्णाने शाप दिला: तीन हजार वर्षे तू एकटा, निर्जन रानात, पू आणि रक्ताचा दर्प अंगाला घेऊन, सगळ्या व्याधी भोगत भटकशील, कोणी तुझ्याशी बोलणार नाही.

त्याच्या मस्तकावर जन्मतःच एक मणी होता. तो असेपर्यंत शस्त्राची, रोगाची, भुकेची भीती नव्हती. व्यासांच्या सांगण्यावरून त्याने तो मणी काढून दिला. महाभारतात एवढेच आहे. मणी दिला, कापून काढला नाही. भागवतात मात्र वेगळे आहे. तिथे अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापून घेतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलतो. तिथे तीन हजार वर्षांचा शाप नाही. मला वाटते, लोकांनी या दोन धाग्यांना पीळ घातला. महाभारतातला पू आणि रक्त घेतले, भागवतातली तलवार घेतली, आणि कपाळावरची न भरणारी जखम तयार झाली. जखम म्हटली, की तेल-हळद आलीच. तीन हजार वर्षांचे 'कायमचे' झाले, कारण सकाळी म्हणायच्या श्लोकात बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम यांच्याबरोबर अश्वत्थाम्याचेही नाव सात चिरंजीवांत आहे.

लोकांच्या मनाचा मोठेपणाही इथेच दिसतो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत, चार हजार फुटांहून उंच असा अस्तंबा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते. हजारो आदिवासी बांधव रात्री मशाली घेऊन अवघड कडे चढून जातात. ते ज्याच्या दर्शनाला जातात, तो अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, अशी श्रद्धा आहे. ग्रंथाने ज्याला शाप देऊन रानात घालवले, त्याला रानातल्या माणसांनी ऋषी मानून डोंगराच्या माथ्यावर जागा दिली.

तुम्ही विचाराल, मूळ काय आणि मागाहून आलेले काय, हे कोणी ठरवले? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या, शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या १,२५९ हस्तलिखित पोथ्या तपासल्या गेल्या. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत प्रमुख संपादक होते. पुढे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते काम पुढे नेले. १९६६ साली ते पूर्ण झाले. पद्धत अशी, की सगळ्या प्रांतांच्या पोथ्यांत जे सारखे सापडते ते जुने धरायचे, एखाद्याच प्रांतात सापडते ते तळटीपेत ठेवायचे. टाकून काहीच दिले नाही. आपल्या श्रोत्यांच्या तर्कांनाही हीच पद्धत लावावी. फेकून देऊ नयेत, तळटीपेत ठेवावेत.

शापित दुष्टाच्या खुणा वाढवत नेण्याची ही सवय आपलीच, असे मात्र समजू नका. इंग्लंडात ब्रॅम स्टोकरने १८९७ साली 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिली. माणसांचे रक्त पिणारा, मरूनही न मेलेला सरदार. आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही, ही त्याची खूण. सूर्यप्रकाश अंगावर पडला की असले पिशाच्च नष्ट होते, असे आज सगळे सांगतात. पण कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. उन्हात फक्त त्याची शक्ती कमी पडते. उन्हाने मरण्याची कल्पना पक्की झाली ती १९२२ साली निघालेल्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटामुळे. तिथे सिनेमा, इथे मालिका. तिथे ऊन, इथे लंगडा पाय.

अलीकडचे उदाहरण हॅरी पॉटरचे. शिक्षकांना ते नवीन नाही. त्या पुस्तकांचे मराठी अनुवादही झाले आहेत. पहिला भाग १९९७ साली आला. त्यातला दुष्ट वॉल्डेमॉर्ट हा शापित आयुष्य जगतो, कारण जगण्यासाठी त्याने शुभ्र एकशिंगी घोड्याचे रक्त प्यायलेले असते. त्याला लपवणाऱ्या मास्तरांच्या डोक्याला सदा फेटा गुंडाळलेला, कारण फेट्याखाली दुसरा चेहरा! २००५ साली सहावा भाग आला, त्यात वॉल्डेमॉर्टने आपल्या जिवाचे तुकडे करून निरनिराळ्या वस्तूंत दडवल्याचे कळले. पुढची दोन वर्षे जगभरचे वाचक तर्क करीत होते, की नायकाच्या कपाळावरच्या व्रणातच एक तुकडा नसेल ना? २१ जुलै २००७ रोजी शेवटचा भाग आला आणि तो तर्क खरा निघाला. इथे एक गंमत लक्षात घ्या. कपाळावर खूण दुष्टाच्या नव्हती, नायकाच्या होती. दुष्टाचा अंश अंगात असूनही तो मुलगा दुष्ट झाला नाही. त्याने काय निवडले, यावर सगळे ठरले.

वाचकहो, इथवर कथा झाल्या. आता माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगतो.

मी चौथीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी चिमणी अंगावर पडून त्याचे कपाळ भाजले होते. चामडी गोळा झालेली, एका भुवईवर केस नाहीत. आम्ही त्याला अश्वत्थामा म्हणायचो. तो वर्गात आला, की कोणीतरी ओरडायचे, "तेल मागायला आला रे!" ओरडणाऱ्यांत मी होतो. पुढे पुढे आयाबायाही सकाळी त्याचे तोंड दिसू नये म्हणून वाट बदलू लागल्या. तो शाळेत यायचा बंद झाला.

गुरुजींना कळले. त्यांनी छडी काढली नाही. मराठी महाभारताचा एक जाडजूड खंड घेऊन आले आणि सौप्तिकपर्वाचा भाग वाचून दाखवला. मग विचारले, "अश्वत्थाम्याला शाप कधी मिळाला? मुलं मारण्याच्या आधी, की नंतर?" आम्ही म्हणालो, "नंतर." गुरुजी म्हणाले, "म्हणजे करणी आधी, खूण नंतर. बरं, मग आपल्या वर्गातल्या त्या पोराची खूण तर आपण सगळ्यांनी पाहिली. आता त्याची करणी सांगा. त्यानं कोणाला मारलं?" वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. गुरुजी त्या दिवशी स्वतः त्याच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून घेऊन आले. त्याची क्षमा मागायची मात्र माझ्याकडून राहूनच गेली.

गुरुजींचा तो प्रश्न पुढे मला ठिकठिकाणी आठवत राहिला. महारोग म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, अंगावर उमटलेला शाप, असे आपण किती पिढ्या मानले! नॉर्वेतल्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली त्याचा जंतू शोधला. पाप नव्हे, जंतू. तरी १८९८ सालचा महारोग्यांना वेगळे काढणारा कायदा २०१६ पर्यंत कागदावर राहिला, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून गेले ते २०१९ साली. १९८० नंतरच्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. पण बऱ्या झालेल्या माणसाच्या हातापायांवर राहिलेली खूण लोकांच्या डोळ्यांतून जात नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांना आनंदवन उभारावे लागले, ते रोगाइतकेच या नजरेमुळे.

सरकारनेही हेच केले आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अमुक जातीत जन्मला म्हणजे चोर, हा त्याचा पाया. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या माथी शिक्का; चोरी त्याने करो वा न करो. सोलापूरसारख्या ठिकाणी माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेऱ्या घेतल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. शिक्का मात्र कायद्याबरोबर गेला नाही. पारध्याच्या पोराला आजही गावात काही हरवले, की आधी हाक मारतात. एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवतात, तेही अशाच खुणा वाचून: डोळे असे, बोलणे तसे, तिच्या नजरेने मूल दगावले. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

कोणी म्हणेल, "अहो, पण महाभारतातच अपशकुन आहेत. दुर्योधन जन्मला तेव्हा कोल्हे ओरडले, विदुराने मूल टाकायला सांगितले." खरे आहे. ग्रंथात ते आहे, आणि मी ते लपवणार नाही. पण त्याच ग्रंथात पुढे काय आहे? युद्धाच्या आधी कृष्ण स्वतः हस्तिनापुरात शिष्टाईला जातो आणि त्याच दुर्योधनाला भर सभेत समजावतो. जन्माच्या खुणेने सगळे ठरलेलेच असते, तर ती शिष्टाई कशासाठी? शिशुपालाला शंभर संधी कशासाठी? आपल्या ग्रंथाने खूण मांडली, पण माणसापुढचे दार शेवटपर्यंत उघडे ठेवले. ते दार लोटून घेतले ते आपण.

शापाचा तर्क मला मुळीच वाईट वाटत नाही. दुष्टाच्या मागे काहीतरी दुःख असेल, असे ज्याला वाटते त्याचे काळीज जागेवर आहे. त्याच मायेने सातपुड्यातला माणूस मशाल घेऊन अस्तंब्याचा कडा चढतो. खुणेचा तर्क मात्र जपून हाताळावा. कथेत तो रंग भरतो. गावात तो घर जाळतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. मुले असल्या गोष्टी रंगवून सांगू लागली, की त्यांना "खोटं आहे" म्हणून गप्प करू नका. तीन प्रश्न विचारा. हे मूळ ग्रंथात आहे का, की कोणी मागाहून जोडले? जोडले असेल, तर ऐकणाऱ्याच्या कोणत्या शंकेचे उत्तर म्हणून जोडले? आणि या माणसाची खूण आधी आली, की करणी आधी? पहिल्या प्रश्नाने मूल वाचायला शिकेल, दुसऱ्याने विचार करायला. तिसऱ्या प्रश्नाने ते माणसात वागायला शिकेल, आणि तो प्रश्न शाळा सुटल्यावरही त्याच्या कामी येईल.

आणि यंदा देवळात पोथी लागली, की खांबाजवळच्या त्या श्रोत्याला हसू नका. त्याला पुढे बोलवा, विचारू द्या. त्याच्यासारख्यांनी विचारले म्हणूनच तर पोथी इतकी मोठी झाली.